समोरच्या किनाऱ्याचं टेबल

डाउनीज आर्म, न्यूफाउंडलंड
५ मार्च २०१९

श्री. सिरिल लुंड्रिगन,
अध्यक्ष, पॅरिश हॉल समिती, यांस,

मंगळवार, ५ मार्च २०१९ रोजी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी पॅरिश हॉलच्या दाराला आतून कडी होती. वेळ मी माझ्या घड्याळावरून सांगते आहे. त्या घड्याळावर या गावचं टपाल एकतीस वर्षं सुटलं, तेव्हा वेळेबद्दल वाद नको.

बाहेर बर्फाचा पाऊस आडवा येत होता. फिलोमावशी वॉकर धरून पायरीवर उभी होती. अँब्रोजकाकांनी कागदांनी भरलेला बिस्किटांचा डबा कोटाच्या आत पोटाशी धरला होता, त्यामुळे ते सहा महिन्यांच्या गरोदर बाईसारखे दिसत होते. त्यांच्यामागे बाकीची म्हातारी मंडळी. ही सगळी माणसं आली होती कारण गेली नऊ वर्षं लेंटचे उपवास सुरू होण्याआधीच्या पॅनकेकच्या मंगळवारी मी आणि रीटा नॅश त्या हॉलमध्ये टेबल मांडतो आणि ज्यांना जमत नाही त्यांचे टॅक्सचे कागद फुकट भरून देतो. आम्ही दोघींनी त्याचं रीतसर शिक्षण घेतलं आहे. दर वर्षी नव्याने नाव नोंदवतो. पेन्सिलीसुद्धा आमच्या असतात.

तुम्हाला माहीत आहे, तरी लिहून ठेवते. एप्रिल संपायच्या आत कागद गेले नाहीत, तर जुलैपासून म्हाताऱ्यांची पुरवणी पेन्शन थांबते. टॅक्स लागत नाही म्हणून कागद भरायचे नाहीत असं ज्याला वाटतं, त्याची पुरवणी, औषधांची सवलत आणि प्रांताचे ज्येष्ठांचे पैसे, तिन्ही जातात. या गावात त्या पैशांवर चुली पेटतात.

मी दार ठोठावलं. आत दिवा होता, पॅनकेकच्या पिठाचा वास येत होता, खिडकीतून तुमची टोपी दिसत होती. दारामागून तुम्ही म्हणालात, "आज नाही, कार्म. हॉल दुसऱ्यांना दिलाय." मी विचारलं, कोणाला? तुम्ही म्हणालात, "लेखी विचार."

तर लेखी विचारते. हॉल कोणाला दिला, का दिला, आणि त्या म्हाताऱ्या माणसांना पावसात उभं केल्याबद्दल क्षमा कोण मागणार?

उत्तर सात दिवसांत, लेखी.

कार्मेलिटा केरीन
(निवृत्त पोस्टमास्तर)


पॅरिश हॉल
८ मार्च

मिस केरीन,

पत्र मिळालं. बिंगोच्या जुन्या जाहिरातीच्या पाठीवर लिहितोय, त्याबद्दल राग नसावा. समितीकडे कागद नाहीत.

समितीने ठराव करून एप्रिलअखेरपर्यंत हॉल शहरातल्या एका कंपनीला दिला आहे. ते लोक टॅक्सचे कागद भरतात. मंगळवारी त्यांचा माणूस जागा बघायला यायचा होता. तो वाटेत अडकला आणि तुम्ही सगळे आधी आलात. तो हॉलचं भाडं देतो. छप्पर गळतंय ते तुम्हालाही माहीत आहे, कारण ख्रिसमसच्या प्रार्थनेला थेंब तुमच्याच हॅटवर पडत होता.

कंपनी आपला हिस्सा परताव्यातून कापून घेते. खिशातून कोणाला काही द्यावं लागत नाही. माणूस नीटनेटका आहे. निळा टाय लावतो.

शिवाय तक्रारी होत्या.

सिरिल लुंड्रिगन
अध्यक्ष

ता.क. शाई फिकट दिसेल. घरी ती गोठते, म्हणून हॉलमध्ये बसून लिहितो.


डाउनीज आर्म
११ मार्च

अध्यक्षमहाराज,

शाई गोठते, हा विनोद तुम्ही साठ वर्षांपूर्वी शाळेतही करत होता. सिस्टर बोनाव्हेंचरने तेव्हा तुम्हाला कोपऱ्यात उभं केलं होतं. मला तो अधिकार नाही, याचं वाईट वाटतं.

तुमचा निळा टाय मी पाहून आले. फिलोमावशीबरोबर गेले होते, तिची सोबत म्हणून. तोंड उघडायचं नाही असं ठरवून गेले होते आणि बराच वेळ ते पाळलं. माणूस नीटनेटका आहे हे खरं. त्याने फिलोमावशीला "यंग लेडी" म्हटलं. ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. नंतर त्याने मशीनवर चार बटणं दाबली आणि म्हणाला, "अभिनंदन, आम्ही तुम्हाला ज्येष्ठांची सवलत मिळवून दिली." आणि त्यातूनच कंपनीचा हिस्सा कापला.

मी म्हटलं, "तुम्ही मिळवून दिली? ती कागद भरले की आपोआप येते. सूर्य तुम्हीच उगवता का?"

तो म्हणाला, "मॅडम, आपण कुटुंबातल्या आहात का?"

फिलोमावशी म्हणाली, "नाही रे पोरा, ती सगळ्यांच्याच कुटुंबातली आहे." हे तिने कौतुकाने म्हटलं की कसं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

म्हणजे हॉलचं छप्पर फिलोमावशीच्या औषधांच्या पैशांतून शाकारलं जाणार. असा ठराव कोणी मांडला, अनुमोदन कोणी दिलं?

आणि तक्रारी कसल्या? कोणाच्या? नावं द्या. लोक म्हणतात, तुम्ही सकाळी सातपासून हॉलवर असता आणि अंधार पडल्यावर घरी जाता. मी चोरून टेबल मांडीन म्हणून पहारा देता की काय? अध्यक्षपद एवढं अंगात भिनलेलं मी याआधी फक्त एका बिशपमध्ये पाहिलं होतं.

मंगळवारी संध्याकाळी पॅनकेकला मी आले होते ती धर्म म्हणून. माझ्या पॅनकेकात यंदाही बटण निघालं. वयाच्या सातव्या वर्षापासून मला बटणच निघतं, म्हणजे जन्मभर बिनलग्नाची. आता निदान बटण तरी बदला. तुमच्या ताटलीत नाणं निघालं हे सगळ्यांनी पाहिलं. वर्षभर श्रीमंती. उरलेले पॅनकेक कागदात बांधून घरी नेताना श्रीमंत माणूस कसा दिसतो, तेही पाहिलं.

उत्तर १८ तारखेच्या आत.

कार्मेलिटा केरीन


पॅरिश हॉल
१६ मार्च

कार्म,

ठीक आहे. तुला नावं हवीत. नाव एकच आहे: सगळे.

तू एकतीस वर्षं त्या खिडकीत बसलीस. सरकारचं तपकिरी पाकीट कोणाला आलं, कोणाला नाही आलं, कोणी ते न उघडताच खिशात घातलं, हे तुला आमच्या आधी कळायचं. ते तुझं काम होतं, तुझी चूक नाही. पण आता तू टेबल मांडून बसतेस आणि आम्ही तुझ्यासमोर तेच पाकीट फाडून ठेवायचं? आणि शुक्रवारी त्याच हॉलमध्ये तुझ्यासमोर पत्ते खेळायचे? हातातले पत्ते छातीशी धरून काय उपयोग, तुला तर माणसाची सगळी पानं आधीच ठाऊक.

गेल्या वर्षी अँब्रोजकाकांना किती परत मिळालं ते पत्त्यांच्या रात्री साऱ्या हॉलला कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा पुतण्या उसने मागायला दारात हजर.

म्हणून निळा टाय. त्याला आम्ही माहीत नाही, आम्हाला तो नाही. तो कापतो ते पैसे म्हणजे झाकलेल्या मुठीची किंमत, असं समज. समितीत कोणी विरोध केला नाही, खुद्द रीटाच्या नवऱ्यानेसुद्धा.

माझ्या ओळखीचा एक माणूस आहे. त्याची बायको सगळे कागद बघायची. ती गेली. त्यानंतर त्याने काहीच भरलेलं नाही. गेल्या जुलैत त्याची पुरवणी बंद झाली. त्याला कळतंय काय झालं ते. पण तो तुझ्या टेबलापाशी बसण्यापेक्षा बर्फ खाईल, आणि निळ्या टायपाशीही तो जात नाही, त्याची कारणं वेगळी आहेत. असे लोक आहेत या गावात. तुला माहीत नाहीत, म्हणजे बघ.

आणखी एक. दुसऱ्यांकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. जूनमध्ये मी घर विकायला काढतोय. पोराकडे, डर्मटकडे जाईन, दूर अल्बर्टात. त्याच्या तळघरात एक खोली आहे. समितीला नवा अध्यक्ष शोधावा लागेल. तुला आनंद होईल.

सिरिल


डाउनीज आर्म
२० मार्च

सिरिल,

आनंद मला कशाने व्हावा, हे ठरवायला मी समिती नेमलेली नाही.

अँब्रोजकाकांचा आकडा मी सांगितला नाही. मी एवढंच म्हटलं की आता काकांना नवे दात परवडतील. पुढच्या आठवड्यात दात तोंडात होते. ते काय मी लपवून ठेवायचे होते?

पण तुझं पत्र मी फाडलं नाही. दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना मी समोरच्या किनाऱ्यावर फोन लावला. सेंट क्रिस्पिन्सला असम्प्टा डाल्टन हेच काम करते, माझ्याबरोबरच शिकली. मी तिला विचारलं, तुझ्याकडे किती लोक येतात? ती म्हणाली, "दर वर्षी कमीच होतायत गं. मला वाटलं, मरतायत. मग बघितलं तर सगळे जिवंत, बाजारात भेटतात." मी विचारलं, तू तिकडे शाळेची क्लार्क होतीस ना? "सव्वीस वर्षं," ती म्हणाली. "एकेकाच्या पोरांच्या फीचं मला माहीत होतं." आणि मग फोन धरूनच आम्ही दोघींनी कॅलेंडर काढलं.

तर माझी सूचना अशी. एका शनिवारी असम्प्टा आणि तिच्याबरोबरच्या बायका खाडीला वळसा घालून इकडे येतील आणि आपल्या हॉलमध्ये बसतील. मी आणि रीटा तिकडे जाऊन त्यांच्या हॉलमध्ये बसू. तिकडची तोंडं आम्ही ओळखत नाही, आणि ओळख करून घ्यायची मला हौसही नाही. कागद भरले, सही झाली, निघून यायचं. कोणाच्या पत्त्यांच्या रात्री कोणाचा आकडा निघणार नाही. आणि यात कापाकापी नाही.

तुझा तो माणूस म्हणजे माइक टोबिन, हे मी लगेच ओळखलं. काल टी-बन घेऊन त्याच्याकडे गेले. अर्धा तास हवापाणी बोलले आणि मग सहज विचारलं. त्याने फेब्रुवारीतच त्याच्या मुलीकडून कागद भरून घेतलेत. वर मला विचारतो, "कार्म, तुला पैशांची अडचण आहे का?" मलाच अडचण आहे, असं आता सबंध गावभर झालं असेल. तेव्हा तो माणूस कोण ते नीट सांग.

अल्बर्टाबद्दल: गाडीत बसून शहरापर्यंत गेलास तरी तुझ्या पोटात ढवळतं. तिथे समुद्र नाही, हे डर्मटने सांगितलं का? तळघरात खिडकी तरी आहे का? मुलाचं मोठं घर बघून माणसं भुलतात. तू भुलशील असं वाटलं नव्हतं.

शनिवार मिळणार की नाही, ते २७ तारखेच्या आत लेखी कळव.

कार्म


पॅरिश हॉल
२५ मार्च

कार्म,

समिती बसली. शनिवार १३ एप्रिल दिला. निळा टाय शनिवारी येत नाही, म्हणून त्याला हरकत घेता येणार नाही. अटी दोन. त्या दिवशी तू हॉलमध्ये पाऊल टाकायचं नाही, खिडकीतूनही नाही. आणि आर्मचं दुसरं कोणी टेबलावर नसेल. चहा आम्ही करू.

अँब्रोजकाका म्हणाले, "परक्या बायका असतील तर मी डबा घेऊन येतो, आणि दातही लावून येतो."

तो माणूस टोबिन नाही. सोड तो विषय. बिचाऱ्या टोबिनचं अडलंय असं समजून त्याच्याकडे आता लोक सूप घेऊन येतायत.

एवढं मात्र विचारायचं होतं, त्याच्यासाठी. सरकारने कॉड मासळी धरायला बंदी केल्यावर ज्यांनी मासेमारीचं लायसन्स परत देऊन भरपाईचं पॅकेज घेतलं, त्यांच्या त्या पैशांवर त्या वर्षी टॅक्स काहीतरी चुकीचा लागला होता. त्याची बायको दर वर्षी त्याबद्दल कुठे काय लिहायची ते त्याला माहीत नाही. ती विचारू द्यायची नाही. त्याला वाटतं, आता नवे कागद गेले की सरकार जुनं उकरून काढेल आणि ते सगळे पैसे परत मागेल. ते पैसे तर कधीच बोटीच्या कर्जात गेले. मागितले तर घर जाईल. मग तो म्हणतो, घर जायचंच असेल तर आपण होऊन विकून निघावं. असं तो म्हणतो.

असम्प्टाला विचारून बघ. नाव घेऊ नकोस. तुला माहीतही नाही म्हणा.

सिरिल


डाउनीज आर्म
२ एप्रिल

सिरिल,

जागा पाहायला मी शनिवारी सेंट क्रिस्पिन्सला गेले होते. सकाळी लवकर पोचले. रीटा चाव्या आणायला गेली आणि मी त्यांच्या हॉलच्या पायऱ्यांवर उभी राहिले.

तिथून आपलं गाव अख्खं दिसतं. सत्तर वर्षं मी आर्ममधून समोरचा किनारा बघत आले. तिकडे उभं राहून इकडे बघायची वेळच आली नव्हती. थंडी कडाक्याची होती, वारा पडलेला, पाणी काचेसारखं. चर्चपासून धक्क्यापर्यंत एकेका घराच्या धुराड्यातून धूर सरळ वर चढत होता, जणू कोणी रेघा मारत चाललंय. मी घरं ओळखत गेले. नॅश, टोबिन, फिलोमावशी, माझं. मग एक रेघ गाळलेली दिसली. त्याच्यापुढे परत धूर. हॉलच्या धुराड्यातून भरपूर.

मी तिथे बराच वेळ उभी होते. रीटाने विचारलं, काय बघतेस? मी म्हटलं, हवा. हे मी तिला सांगितलेलं नाही आणि कोणालाही सांगणार नाही, हे तुझ्यासाठी लेखी देते आहे.

आता तुझ्या त्या माणसाचं. तो कोण हे मला माहीत नाही आणि यापुढे मी विचारणारही नाही. त्याला एवढं सांग.

असम्प्टाच्या भावाने पॅकेज घेतलं होतं, तिच्या दोन दिरांनीही. तिने ते सगळं स्वतः हाताळलंय. ते प्रकरण कधीच मिटलं. आता पॅकेज कोणी परत मागत नाही आणि त्यावरून कोणाचं घर जात नाही. त्याच्या बायकोने ते फार पूर्वीच नीट लावून टाकलं असणार. ती विचारू द्यायची नाही, कारण विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं आणि तिला स्वयंपाकघरात शांतता हवी असायची. मी तिला ओळखत असते तर असंच म्हटलं असतं.

पुरवणी परत सुरू होते. मागचीही मिळते, पण अकरा महिन्यांच्या पलीकडची मिळत नाही. गेल्या जुलैत थांबली असेल तर आत्ता कागद गेले म्हणजे एकही महिना बुडणार नाही. तो अल्बर्टात बसून विचार करत राहिला तर बुडतील. त्याने सगळी तपकिरी पाकिटं आणावीत, न उघडलेलीसुद्धा. असम्प्टाकडे पाकिटं उघडायची छान सुरी आहे आणि ती कोणाला विचारत नाही की इतके दिवस का उघडलं नाहीस.

आणि त्याला सांग, १३ तारखेला कार्मेलिटा केरीन सबंध दिवस पाण्याच्या पलीकडे असेल. तिची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवायला मी आत्ताच सांगून आले आहे.

माझ्या आवारात बर्चची लाकडं पडून आहेत. मला धूर सहन होत नाही असं डॉक्टर म्हणतो. समितीने ती हॉलसाठी न्यावीत. हॉलच्या वाटेवर कोणाच्या आवारात काही पडली तर मी मोजायला येणार नाही.

उत्तराची घाई नाही. तारीख घालत नाही.

कार्म


डाउनीज आर्म (घरून)
१४ एप्रिल, पाम संडे

कार्म,

चर्चमध्ये तू मागच्या बाकावर होतीस आणि माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. एवढंही करायची गरज नव्हती, लोक विचारायला लागले की तुमचं भांडण झालं का.

कालचा दिवस तुला कळायला हवा. सकाळी दार उघडलं तेव्हा फिलोमावशी आधीच पायरीवर होती. म्हणाली, "सिरिल, आज कडी नाही ना?" मी म्हटलं, नाही. मग तिची क्षमा मागितली. रांगेतल्या प्रत्येकाची मागितली, एकेकाचा हात धरून. ते तुझ्या पहिल्या पत्रातलं उरलं होतं.

नऊ वाजेपर्यंत हॉल भरला. गेल्या पाच वर्षांत तुझ्या टेबलाजवळ न फिरकलेले लोक आले. अँब्रोजकाकांनी डबा उपडा केला, त्यात बिस्किटंही निघाली. ती असम्प्टाने खाल्ली. हेडलँडच्या टोकावरचे ते दोघे भाऊ आले, जे एकमेकांशी बोलत नाहीत. एक या टोकाला बसला, एक त्या. शेवटी सह्या करताना दोघांनी एकच पेन वापरलं आणि धाकटा थोरल्याला म्हणाला, "टोपण लाव." बारा वर्षांत पहिला शब्द.

दुपारी निळा टाय आला. कोणीतरी त्याला कळवलं असावं. दारात उभा राहून सगळं बघत होता. फिलोमावशी त्याला म्हणाली, "ये रे यंग मॅन, चहा घे. आज कापायला फक्त केक आहे." त्याने चहा घेतला, हेही खरं. सोमवारपासून तो येत नाही म्हणाला. छपराचं आम्ही बघू. टोबिनकडे सूपची भांडी परत न्यायला लोक येतात तेव्हा त्यांच्याकडून काहीतरी काढू.

तो माणूसही आला. सगळे गेल्यावर, दिवे विझवायच्या आधी. पाकिटं उशीच्या अभ्र्यात घालून आणली होती. असम्प्टाने एकेक उघडून क्रम लावला. खाली बायकोने लावून ठेवलेला गठ्ठा निघाला, लोकरीने बांधलेला. पॅकेजचं तू म्हणालीस तसंच होतं, कधीच मिटलेलं. त्याच्यावर तिने लिहून ठेवलं होतं: झालं, आता चिंता नको. तो माणूस ते वाचून जरा वेळ बाहेर धक्क्यावर जाऊन आला. असम्प्टाने तोवर चहा गरम ठेवला. मग त्याने सही केली.

लाकडांबद्दल समिती आभारी आहे. बरीचशी वाटेत पडली.

सिरिल


डाउनीज आर्म
१ जुलै २०१९

श्री. सिरिल लुंड्रिगन,
अध्यक्ष, पॅरिश हॉल समिती, यांस,

हे पत्र मी पुन्हा रीतसर लिहिते आहे, कारण मागणी रीतसर आहे.

आधी बातम्या. सेंट क्रिस्पिन्सला मी आणि रीटाने सबंध दिवस कागद भरले. एक बाई माझ्यासमोर बसली. नवरा गेला कधी, बोट विकली कितीला, मुलगा फोन करत नाही, सगळं सांगितलं. मी विचारलं, हे तुम्ही असम्प्टाला सांगितलंत का? ती म्हणाली, "वेडी आहेस का? ती माझी शेजारीण आहे." मी सही घेतली. मी काही बोलले नाही, हे असम्प्टाला सांगितलं तेव्हा तिने मला दोनदा विचारलं, खरंच?

आता खाडीच्या वरच्या अंगाच्या तीन गावांना अशीच अदलाबदल हवी आहे. पुढच्या वर्षी आम्ही त्यांच्याकडे, ते दुसऱ्यांकडे, दुसरे आपल्याकडे. रीटा म्हणते, नकाशावर सुतळीने जोडलं तर विणकाम होईल. आर्ममध्ये यंदा पुरवणी एकाही म्हाताऱ्याची थांबलेली नाही. हे मी कोणाची पाकिटं बघून म्हणत नाही. दुकानात थकलेल्या उधारीच्या नावांची पाटी उतरली आहे, ती कोणालाही दिसते.

कॅपलिन मासे किनाऱ्यावर आले आहेत. काल तुम्ही बादली घेऊन गुडघाभर पाण्यात होतात आणि पलीकडच्या पोरांना शिव्या देत होतात. तब्येत उत्तम दिसली. तुमच्या घरापुढे 'विकणे आहे' ही पाटी जूनमध्ये लागायची होती. ती फळी कोंबड्यांच्या खुराड्याला लावलेली पाहिली, उलटी बाजू बाहेर करून. अक्षर तरीही ओळखू येतं. सिस्टर बोनाव्हेंचरने तुमच्या अक्षरावर फार मेहनत घेतली होती. डर्मट ऑगस्टमध्ये इकडेच येतो आहे, असं टोबिनकडून कळलं. तळघर तो दुसऱ्याला भाड्याने देवो.

आणि पहाटे माझ्या खिडकीतून मी चर्चपासून धक्क्यापर्यंत बघते. उन्हाळा आहे, चहापुरता धूर. एकही रेघ गाळलेली नाही. पॅनकेकमधलं नाणं खरं ठरतं, असं मी आजवर मानत नव्हते. बटणाबद्दल माझी काही तक्रार नाही.

आता मागण्या.

एक: पुढच्या वर्षी पॅनकेकच्या मंगळवारी हॉलचं दार सकाळी नऊ वाजता उघडं असेल, कडीने भिंतीला अडकवलेलं, आणि टेबलावर परगावच्या बायका असतील. ठरावाची नक्कल मला हवी.

दुसरी तुमच्या त्या माणसासाठी आहे. बायको गेल्यापासून तो शुक्रवारी पत्त्यांना बसलेला नाही. ती त्याची जोडीदार होती आणि दुसऱ्या कोणाबरोबर खेळणं त्याला नको होतं, हे समजण्यासारखं आहे. माझी जोडीदार फिलोमावशी आता रात्री बसू शकत नाही, तिची पाठ दुखते. तेव्हा मलाही जोडीदार नाही. त्याला विचारा, येत्या शुक्रवारी तो माझ्यासमोर बसेल का. फक्त पत्त्यांसाठी. त्याची बाकीची पानं मी कधी पाहिली नाहीत, आणि पाहिली असतील तर माझ्या लक्षात नाहीत. जिंकायला मात्र मी येते, हे त्याला आधीच माहीत असावं.

या दोन्हींचं उत्तर मला लेखी हवं, गुरुवार ४ जुलै २०१९ रोजी दुपारी चारच्या आत, टपाल कार्यालय बंद व्हायच्या आधी, तिकीट लावून. दारामागून ओरडलेलं उत्तर धरलं जाणार नाही.

कार्मेलिटा केरीन
(निवृत्त पोस्टमास्तर)